चौतीस दारं

शाळेचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला की गावातली दारं निघायची. चौकटीतून खरोखरची निघायची. सुतार स्क्रू काढायचा, दोन माणसं दार डोक्यावर घ्यायची आणि शाळेच्या मैदानात नेऊन रिकाम्या पिंपांवर आडवं टाकायची. अशी वीस दारं एकाला एक भिडवली, सांध्यांत पाचरा ठोकल्या, वर सतरंज्या अंथरल्या की स्टेज तयार. तीन दिवस गाव बिनदाराचं राहायचं. चौकटींत चादरी लोंबायच्या, कोंबड्या पाहुण्यांसारख्या आत यायच्या, आणि ज्याच्या घरात नवरा-बायकोचं वाजायचं त्याचं सगळ्या गल्लीला पाठ व्हायचं. तरी कोणी नाही म्हणत नसे. शाळेला देण्यासारखं दुसरं काही फारसं कोणाजवळ नव्हतं, आणि दार काय, चौथ्या दिवशी परत मिळायचं.

एकच माणूस अर्धं द्यायचा. त्याचं दार दोन फळ्यांचं होतं. एक फळी तो काढू द्यायचा, दुसरीला हात लावू द्यायचा नाही. “घरात बायकामाणसं आहेत,” म्हणायचा. घरात बाई एकच होती, त्याची बायको, आणि ती दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर असायची. गावाने त्याचं नावच ‘अर्धा’ पाडलं होतं. त्यालाही ते नाव आता अंगवळणी पडलं होतं, हाक मारली की ओ द्यायचा.

सुताराचा नियम असा, की तान्ह्या बाळाच्या आणि आजारी माणसाच्या घरचं दार काढायचं नाही. बाकी कोणाची गय नाही. सुरुवात तो स्वतःच्या दारापासून करायचा. साठीला टेकलेला माणूस, उजवा गुडघा कुरकुरणारा, डाव्या पायाचा अंगठा कधीतरी ओंडक्याखाली सापडून बाहेरच्या बाजूला वळलेला. पण पेचकस हातात आला की वय विसरायचा. कोणत्या घराची बिजागरी कुठल्या बाजूने झिजलीय, कोणाची कडी कोणत्या भांडणात वाकली, हे त्याला पाठ होतं. माणसांची नावं विसरेल, पण दार विसरायचा नाही.

घरात तो, त्याची बायको आणि नात, अशी तीन माणसं. मुलगा आणि सून शहरात होती. मुलगा इमारतींच्या स्लॅबखाली फळ्या ठोकायच्या कामावर. आज या इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत, सहा महिन्यांनी दुसरीच्या. पोरीची शाळा अशी किती वेळा बदलणार, म्हणून ती आजी-आजोबांकडे राहिली. तिसरीत होती. दोन दात पडलेले, बोलण्यात मात्र बत्तीसच्या बत्तीस. बाप-लेकांत ठराव एवढाच होता: शाळा दारात आहे तोवर पोरगी इथे, शाळा गेली की पोरगी तिथे. ठराव झाला तेव्हा शाळा जाईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. म्हणून तर सुतार लगेच हो म्हणाला होता.

त्या वर्षी थंडी सरता सरता शाळेत पत्र आलं. बाईंनी ते सुताराला शाळेच्या ओट्यावर बसवून वाचून दाखवलं. बाई म्हणजे शाळेतल्या एकुलत्या एक शिक्षिका. पहिली ते चौथी, घंटा, हजेरी, सगळं त्यांच्याचकडे.

“दहाच्या खाली मुलं गेली की शाळा बंद,” बाई म्हणाल्या. “आपली बरोबर दहा आहेत. यंदा चौथीत कोणी नाही, म्हणून पुढच्या वर्षीही दहाच राहतील. अशा काठावरच्या शाळा बघायला साहेब येणार. आपल्याकडे कार्यक्रमाच्याच दिवशी येतायत.”

“मग बरंच झालं की. तयारी आयती दिसेल.”

“दोन गोष्टी लिहून नेणार आहेत. गाव शाळेला किती धरून आहे ही एक. आणि पुढे मुलं येणार आहेत का, ही दुसरी.”

“पहिलीचं काही विचारू नका,” सुतार म्हणाला. “दुसरीचं काय करायचं?”

बाईंनी पत्राची घडी घातली. “पहिलीत पैकीच्या पैकी मिळाले की दुसरीकडे कोणी फार बघत नाही. वीस वर्षांचा अनुभव आहे माझा.”

त्यांनी पाठवलेल्या माहितीत ‘गावातील घरे’ या शब्दांपुढे चाळीस असं लिहिलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. घरं चाळीसच होती. त्यातल्या सतरांना कुलूप होतं, पण कुलूप किती घरांना, असं कोणी विचारलेलं नव्हतं.

सुतार घरी आला तो डोक्यात स्टेज घेऊनच. यंदा नुसती जमीन नको, मागे भिंत हवी, दोन्ही बाजूंना आडोसे हवेत, साहेबांच्या खुर्चीखालीही एक चौथरा हवा. त्याने खडूने ओट्यावर आकडे मांडले. चौतीस दारं लागत होती. राहत्या घरांतून निघायची वीस.

“चौदा बंद घरांची काढतो,” तो बायकोला म्हणाला.

किल्ल्या त्याच्याकडेच असायच्या. गाव सोडून जाणारा प्रत्येक जण जाताना किल्ली सुताराच्या हातात द्यायचा. ‘वाळवी बघत जा दादा,’ म्हणायचा, ‘येतो आम्ही.’ सतरा किल्ल्या त्याच्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या होत्या. काही गंजून गेल्या होत्या.

बायको तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बंद घरं उघडू नका हो. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“त्यात काय लपलंय? वाळवी बघायला मी उघडतोच की.”

“तुम्ही आत जाऊन बघता. दार काढून नेलं की येणारा जाणारा बघेल.”

“बघू दे. साहेबालाच दाखवायचंय. गावात नसलेल्या माणसानेही शाळेला दार दिलंय. आहे असं दुसरं गाव?”

बायकोने एक खडा उचलून बाजूला टाकला. तिचं बोलून झालं होतं.

मग चार दिवस सुताराने दुसरं काम घेतलं नाही. सकाळी उन्हं यायच्या आत हातोडी, पेचकस, पटाशी आणि तेलाची बाटली पिशवीत टाकून निघायचा. राहत्या घरांचे स्क्रू दरवर्षी निघायचे म्हणून ऐकायचे. बंद घरांचे मात्र गंजून लाकडाशी एकजीव झाले होते. तेल सोडायचं, वाट बघायची, पेचकसावर सगळं अंग टाकायचं. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर बायकोने चिंधी बांधली. दोन ठिकाणी बिजागरीसकट लाकडाचा टवका निघाला तेव्हा त्याने घरमालकाच्या नावाने कोणी नसताना माफी मागितली. आत जायचा, आतल्या बाजूचे स्क्रू काढायचा, बाहेर यायचा. आजूबाजूला बघायला त्याला सवड नव्हती. तो दारच बघत होता.

दारं उचलायला माणसं मिळणं दरवर्षीपेक्षा अवघड गेलं. तरणे हात गावात उरलेच किती होते. टेलर एका टोकाला, दुकानदार दुसऱ्या टोकाला, आणि मधे सुतार डोकं लावून. टेलर दर वीस पावलांवर थांबायचा.

“सुया उचलणारा माणूस मी,” तो म्हणायचा. “हे दार आहे का म्हैस?”

“सागवान आहे. तुझ्या आजोबांपेक्षा जुनं.”

“आजोबा हलके होते आमचे.”

अर्धा आपली एक फळी स्वतः घेऊन आला. ती खाली ठेवून मागच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. “यंदा थाट आहे,” म्हणाला. “एकूण किती झाली?”

“चौतीस,” दुकानदार म्हणाला.

“साडेतेहेतीस,” सुतार म्हणाला.

अर्धा हसला नाही, पण गेलाही नाही. संध्याकाळपर्यंत पिंपं सरळ करत बसला.

नाटकाचं नाव होतं ‘झोप न येणारा राजा’. दहाच्या दहा मुलांना काम होतं, कारण दहापेक्षा कमी पात्रांचं नाटक बाई घेतच नसत. राजा सुताराची नात झाली होती. टेलरच्या बायकोने जुन्या पडद्याचा झगा शिवला होता, आणि आजीने तागाच्या सुतळीची मिशी करून दिली होती. ती मिशी लावून पोरगी तीन दिवस घरात हुकूम सोडत फिरत होती.

“कोण आहे रे तिकडे? आमचं पाणी तापलं का?”

“तापलं महाराज,” आजी म्हणायची, “आता मिशी काढून आंघोळीला चला.”

कार्यक्रम दुपारी तीनला होता. साहेब सकाळी दहालाच आले. मोटरसायकलवरून उतरले, हेल्मेट काढून हँडलला लावलं आणि रुमालाने मान पुसली. बारीक, सावळे, बुटांनी पाय चावल्यासारखे चालणारे. त्यांना संध्याकाळी अजून एक शाळा करायची होती. बाई मुलांच्या तोंडाला पावडर लावत होत्या, त्या पांढऱ्या हातांनीच बाहेर आल्या.

“तुमचं चालू द्या,” साहेब म्हणाले. “मी तोवर गाव बघून येतो.”

“सुतारदादा, साहेबांना गाव दाखवता का? दारांचं पण सांगा.”

सुतार तयारच होता. धुतलेला शर्ट घातला होता, चिंधी बदलली होती. तो साहेबांच्या अर्धं पाऊल पुढे चालू लागला.

पहिली गल्ली झकास झाली. घराघरात चादरी हलत होत्या. दुकानदाराच्या सुनेने चहा दिला. एका म्हातारीने चादरीआडून डोकं काढून साहेबांना सांगितलं, की काल रात्री मांजराने दूध सांडलं ते निव्वळ शाळेपायी. साहेब मोकळेपणाने हसले, आणि वहीत काहीतरी लिहिलं. सुताराला ते लिहिणं बघून बरं वाटलं. अर्ध्याच्या घरापाशी तो मुद्दाम थांबला नाही. आपल्या गावची लाज आपणच झाकायची असते.

विहीर ओलांडली आणि दुसरी गल्ली लागली.

तिथे चादरी नव्हत्या. एकापाठोपाठ एक चौकटी, सगळ्या उघड्या. सकाळचं तिरपं ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत गेलं होतं. सुतार इथून कितीदा गेला होता. पण दार लावलेलं घर आणि घरातली माणसं कामावर गेलेलं घर बाहेरून सारखंच दिसतं. आज दारं नव्हती. पहिल्या घरात चुलीवर पाकोळ्यांनी घरटं केलं होतं. दुसऱ्यात छपराचं एक कौल सरकून खाली मातीचा ढीग झाला होता आणि त्यावर गवत उगवलं होतं. तिसऱ्यात भिंतीला एक कॅलेंडर होतं, त्याची पानं उंदरांनी खालून वर खात नेली होती.

साहेब थांबले. “इथे कोण राहतं?”

सुताराच्या तोंडून निघून गेलं, “शेतात गेलीत माणसं.”

साहेब चौकटीशी वाकून खाली बघत होते. आत बोटभर धूळ होती, पिठासारखी, आणि त्या धुळीत ताज्या पावलांची एकच ओळ उमटलेली होती. आत जाणारी आणि बाहेर येणारी. प्रत्येक डाव्या पावलाचा अंगठा बाहेर वळलेला.

साहेबांनी सुताराच्या पायाकडे बघितलं. सुताराने पाय मागे घेतला. मग मागे घेऊन काय उपयोग, असं वाटून पुन्हा पुढे ठेवला.

“दार चांगलं होतं या घराचं,” तो म्हणाला. “शिसवी. मधली फळी अखंड आहे. आता तुम्ही बसाल ना, तेच खुर्चीखाली आहे.”

“कधी गेले हे?”

“झाली असतील सहा वर्षं.”

“येतात?”

“येतो म्हणतात.”

साहेबांनी वहीत एक उभी रेघ मारली. पुढच्या घराशी दुसरी. सुताराला वाटलं, यांचा हात धरावा, किंवा म्हणावं, चला साहेब, ऊन लागेल. पण साहेब पुढे आणि तो मागे असं कधी झालं ते त्याला कळलंही नव्हतं. त्यानेच तेल घालून, अंग टाकून, फोड आणून ही घरं उघडी केली होती, आणि आता तो त्यांच्यासमोर ओळीने उभा केल्यासारखा चालत होता. चौदा रेघा झाल्या. शेवटची तीन घरं कुलपात होती; तिथे साहेबांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने मान हलवली. अजून तीन रेघा झाल्या.

विहिरीच्या कठड्यावर साहेब बसले, बुटातून एक टाच मोकळी केली. “गावात लहान मूल आहे का? दोन-तीन वर्षांचं?”

“दुकानदाराचा नातू आहे.”

“आणि?”

सुताराने मनातल्या मनात एकेक घर फिरून बघितलं. एका घरात सून माहेरी गेली होती, तिची गोड बातमी होती. पण ती पक्की नव्हती.

“एकीला दिवस गेलेत म्हणतात,” तो म्हणाला.

साहेब हसले, पण टिंगलीचं नव्हे. “तेही लिहितो,” म्हणाले, आणि खरंच लिहिलं.

तीन वाजता कार्यक्रम झाला, आणि असा झाला की गावाला वर्षभर पुरेल. मुलं दारांवर नाचली तेव्हा खालून ढोल वाजल्यासारखा आवाज येत होता. राजाला झोप येत नाही म्हणून वैद्य आला, ज्योतिषी आला, शेवटी एक गाढव आलं. गाढव दुसरीतला होता आणि त्याने आपलं एकच वाक्य दोनदा म्हटलं. राजाची मिशी एका बाजूने सुटली. राजाने ती दाताखाली धरून पुढचा हुकूम सोडला, तसं साहेबांना हसून हसून ठसका लागला. अर्धा सगळ्यात पुढे मांडी घालून बसला होता आणि टाळ्या वाजवताना मागे वळून सगळ्यांकडे बघत होता, जणू नाटक त्यानेच लिहिलं होतं.

सुतार स्टेजच्या बाजूला पाचर आणि हातोडी घेऊन उभा होता. नात नाचायला लागली की दोन दारांमधली फट किती वाढते तेवढंच तो बघत होता.

शेवटी साहेब बोलले. “मी पुष्कळ शाळा बघितल्या,” ते म्हणाले. “एवढा जीव लावणारं गाव नाही बघितलं.” बाईंचे डोळे भरून आले. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. टेलर म्हणाला, “सुतारा, तुझ्या दारांनी वाचवलं बघ.” सुतार हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

दारं परत बसवायला त्याला पाच दिवस लागले. राहत्या घरांची आधी, मग बंद घरांची. त्या घरांत तो आता पाय जपून टाकत होता, आपल्याच जुन्या ठशांवर पाय ठेवून आत जात होता. त्याने घरी काही सांगितलं नाही. पण बायको जेवण वाढताना एकदा म्हणाली, “त्या गल्लीत फिरवलंत का साहेबाला?” तो हो म्हणाला. तिने वाढता हात थांबवला नाही.

वीस-बावीस दिवसांनी उत्तर आलं. बाईंनी मुलांना सुट्टी दिली, माणसं गोळा केली आणि वाचलं. गावाचा सहभाग उत्तम. त्या सहभागाकडे बघून शाळा आणखी एक वर्ष ठेवावी, मुलं दहाच्या खाली गेली नाहीत तर. शेवटी एक ओळ होती, ती बाईंनी जरा घाईत वाचली: चाळीसपैकी सतरा घरे रिकामी, पुढे भरतीची शक्यता नाही.

गावाने पहिल्या ओळी ऐकल्या. एक वर्ष म्हणजे काही थोडं नव्हतं. दुकानदाराने मुलांना गोळ्या वाटल्या. शेवटची ओळ ऐकली ती सुताराने. आणि संध्याकाळी फोनवर नातीने बापाला सगळंच सांगितलं, म्हणून मुलाने.

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली त्या आठवड्यात मुलगा आला. हातपाय धुतले, पोरीला मांडीवर घेतलं. आईने ताट वाढलं, त्यातलं निम्मं पोरीला भरवलं, मग बोलला.

“बाबा, मी हिला न्यायला आलोय.”

“एक वर्ष ठेवलीय शाळा.”

“एक वर्षाने बंदच ना? तेव्हा चौथी संपलेली असेल. तिकडच्या शाळेत चौथीला घेतात, पुढे जागा नसते. मी विचारून आलोय. आणि आता एकाच ठिकाणी काम मिळालंय, फर्निचरच्या कारखान्यात. खोलीपण पक्की आहे.”

“ही गेली की नऊ होतात.”

“होतात.”

“मग या वर्षीच बंद होईल.”

मुलाने ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही. “सतरा घरं गेली बाबा, तेव्हा कोणी मोजलं नाही. मीही गेलो. आता माझ्याच पोरीपाशी मोजणी का थांबते?”

सुतार ओट्याच्या दगडावर पटाशीला धार लावत बसला. तिला धारेची गरज नव्हती.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार, टेलर आणि अर्धा अशी तिघं अंगणात येऊन बसली. दुकानदाराने मुलाला सगळं नीट समजावलं, नातवाचं सांगितलं, आपल्या घरात दूध आहे म्हणाला, पोरीला वर्षभर रोज देईन म्हणाला. मुलगा मान खाली घालून ऐकत होता.

“काका, दुधाचा प्रश्न नाही.”

“मग कशाचा आहे?” टेलर म्हणाला. “एक वर्ष रे. आपलं मूल असतं तर…” आणि थांबला, कारण समोर पोरीचा बापच बसला होता.

उठताना अर्धा सुताराकडे वळला. “मी निदान अर्धं दार देतो,” म्हणाला. “तू सगळी शाळाच उचलून चाललास.”

टेलरने त्याला ओढून नेलं. सुतार त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. चाळीस वर्षं ज्यांची दारं बसवली, त्यांच्यापैकी कोणी आज जाताना ‘येतो दादा’ म्हणालं नव्हतं.

पोरीला यातलं काही लागत नव्हतं. ती सकाळपासून बापाला प्रश्न विचारत होती. तिथे स्टेज केवढं आहे? सिमेंटचं? मग नाचल्यावर आवाज येत नसेल. राजा कोण होतो? मुली होतात का? आजी तिचे कपडे घडी करून पिशवीत भरत होती, आणि दर थोड्या वेळाने एखादा फ्रॉक पुन्हा बाहेर काढून पुन्हा घडी करत होती.

“आजी, मला जायचंय तिकडे,” पोरगी तिच्या गळ्यात पडून म्हणाली. “तू पण चल.”

“कोंबड्यांना कोण बघेल?”

“त्यांना पण घे.”

नवीन वर्ग सुरू व्हायच्या दिवशी ते तिघं शाळेत गेले. आजी आली नाही. बाई टेबलाशी बसून अर्ज लिहीत होत्या. शाळेच्या कागदांवर पालक म्हणून सुताराचं नाव होतं, म्हणून सहीही त्याचीच लागणार होती. बाईंनी कागद त्याच्याकडे फिरवला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ यापुढची जागा त्यांनी कोरीच ठेवली होती.

“इथे काय लिहू?” त्यांनी विचारलं.

सुताराने मुलाकडे बघितलं, मुलाने खिडकीबाहेर.

“मी थांबा म्हणणार नाही दादा,” बाई हळू म्हणाल्या. “तोंड नाही मला. माझी स्वतःची दोन्ही मुलं पहिलीपासून शहरातच शिकली.” मग त्यांनी स्वतःच लिहिलं, ‘पालकांसोबत राहण्यासाठी’. वाचायला ते किती साधं आणि बरोबर दिसत होतं. त्यात कोणाचीही चूक नव्हती.

सुताराने सही केली. पेन हलकं होतं, बोटांत धरता येत नव्हतं. शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं. बाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, “शाई वाळेपर्यंत दोन मिनिटं थांबा, तेवढ्यात मी हजेरी घेते.”

तिघं वर्गाच्या दाराशी उभे राहिले. नात पाठीला दप्तर, पायात नवे बूट, बापाचं बोट धरून. आत नऊ मुलं आपापल्या जागी बसली होती. बाईंनी हजेरीपत्रक उघडलं, पट्टी लावून एक ओळ आखली आणि नेहमीप्रमाणे नंबर घ्यायला लागल्या.

“पाच.”

“हजर बाई.”

“सहा.”

“हजर.”

“आठ.”

“बाई,” दारातून नात म्हणाली, “माझा सात राहिला.”

बाईंनी मान वर केली नाही. मुलगा म्हणाला, “चल, गाडी चुकेल,” पण पोरीने पाय रोवले होते. बाईंच्या हातून असं कधी झालं नव्हतं, आणि झालं तर सांगायला हवं होतं. सुताराने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“आठ,” बाईंनी पुन्हा म्हटलं.

आठ नंबरचा मुलगा काही बोलला नाही. तो सात नंबरकडे बघत बसला होता, सात आधी बोलेल म्हणून.